कंट्रोलर बदलायचाय, सर्वो ड्राइव्ह तेच ठेवायचेत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत म्हणून सगळे एकत्र घेतलेत. जुन्या सीएनसी मशीनचं कास्टिंग ठणठणीत, स्लाइड चांगल्या, मोटर आणि त्यांना पॉवर देऊन फिरवणारे ड्राइव्ह चालतायत, आणि कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम वाचून ड्राइव्हला हुकूम देणारा मेंदू, मात्र असा की त्याचं कार्ड कुठंच मिळत नाही. असं मशीन भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : सर, आमच्याकडं १९८० च्या दशकातलं व्हर्टिकल मिलिंग मशीन आहे. आधी स्क्रीन गेली, मग मेमरीचा अलार्म यायला लागला, आता कंट्रोलर चालूच होत नाही. बनवणाऱ्यांनी सपोर्ट कधीच बंद केलाय. तिन्ही अॅक्सिसला (हालचालीच्या दिशांना) डीसी सर्वो मोटर आहेत, ड्राइव्ह चांगले आहेत. एक जण म्हणतो कंट्रोलर, ड्राइव्ह, मोटर सगळं नवीन टाका, दुसरा म्हणतो नुसता कंट्रोलर बदला. कोणाचं ऐकू?

उत्तर : आत्ता दोघांचंही ऐकू नका. आधी पॅनेल उघडा आणि कंट्रोलरमधून ड्राइव्हकडे जाणारी वायर शोधा, तिच्यावर काय जातंय ते बघा. सगळा निर्णय त्या वायरवर आहे. लोक उलटं करतात, आधी कंट्रोलर पसंत करतात, तो येऊन पडतो, आणि मग कळतं की त्याची आणि ड्राइव्हची भाषाच वेगळी.

तुमच्या काळातल्या मशीनवर बहुतेक वेळा ती वायर म्हणजे साधी शील्ड असलेली जोडी असते आणि तिच्यावर प्लस-मायनस १० व्होल्टचा अॅनालॉग सिग्नल असतो. शून्य व्होल्ट म्हणजे थांब, प्लस म्हणजे एका दिशेला, मायनस म्हणजे दुसऱ्या दिशेला, आणि व्होल्ट जितके जास्त तितका स्पीड जास्त. काही ड्राइव्हला ७ व्होल्टवरच पूर्ण स्पीड येतो, ते ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. सीमेन्सचा सिमोड्राइव्ह ६११ए असेल तर ही कमांड ५६ आणि १४ नंबरच्या टर्मिनलवर येते, आणि ६३, ६४, ६५ हे एनेबलचे, म्हणजे ड्राइव्हला चालायची परवानगी देणारे, टर्मिनल. इंद्रामतच्या जुन्या ड्राइव्हवर एनेबलला आरएफ लिहिलेलं सापडेल आणि ड्राइव्ह तयार असल्याचा कॉन्टॅक्ट बीबी नावाचा.

हा अॅनालॉग प्रकार असेल तर तुमचं नशीब चांगलं. कारण इथं कामाची वाटणी एकदम स्वच्छ आहे. लूप म्हणजे मोजायचं, हव्या आकड्याशी ताडायचं आणि दुरुस्त करायचं हे चक्र. करंटचा लूप ड्राइव्हच्या आत, स्पीडचा लूप पण ड्राइव्हच्या आत, त्याला मोटरच्या मागचा टॅको स्पीड सांगतो. पोझिशनचा लूप मात्र कंट्रोलरमध्ये, त्यासाठी एन्कोडर (फिरणं पल्समध्ये मोजणारा सेन्सर) थेट कंट्रोलरला जातो. म्हणजे कंट्रोलर काढला की फक्त पोझिशनचा लूप गेला, बाकीचे दोन जागेवरच आहेत आणि कित्येक वर्षं नीट चाललेत. नवीन कंट्रोलरला दोनच गोष्टी यायला पाहिजेत, एन्कोडर मोजायचा आणि १० व्होल्टची कमांड काढायची. ड्राइव्हला पलीकडे कोण बसलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं.

ड्राइव्ह चांगले आहेत असं तुम्ही म्हणता, पण कंट्रोलर बंद असताना हे कसं ठरवलं? ते स्वतंत्र तपासता येतं आणि कंट्रोलर घ्यायच्या आधीच तपासा. मोटर बॉलस्क्रूपासून (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूपासून) सोडवा, कपलिंग काढा किंवा बेल्ट उतरवा. ड्राइव्हला एनेबल द्या आणि कमांडच्या जागी दीड व्होल्टचा सेल एका पोटेन्शिओमीटरमधून जोडा, शून्यापासून हळूहळू वाढवा. मोटर कमांडच्या प्रमाणात गुळगुळीत फिरली पाहिजे, सेल उलटा केला की तेवढ्याच स्पीडनं उलटी फिरली पाहिजे आणि शून्यावर जवळपास थांबली पाहिजे. थोडी रेंगाळत असेल तर ड्राइव्हवर ऑफसेटचा पॉट असतो, त्यानं जुळतं. पोटेन्शिओमीटरशिवाय आणि मोटर स्क्रूला जोडलेली ठेवून हे करू नका, कारण समजा १० व्होल्टला २००० आरपीएम आहे तर दीड व्होल्ट म्हणजे ३०० आरपीएम, १० मिमी पिचच्या स्क्रूवर मिनिटाला ३ मीटर, टेबल सेकंदाला ५० मिमी पळतं आणि तुमचा हात वायरवर असतो.

फिरताना धक्के देत असेल, एका ठरावीक जागी अडखळत असेल तर आधी ब्रश काढून बघा. डीसी मोटरमध्ये कार्बनची पूड साठते, कॉम्युटेटर काळा पडतो, टॅकोचे पण छोटे ब्रश असतात ते तर सगळे विसरतात. निम्मे आजारी ड्राइव्ह प्रत्यक्षात घाण झालेला टॅको असतात.

आता कंट्रोलर. आज नवीन मिळणारे बरेच मोठे कंट्रोलर स्वतःच्याच ड्राइव्हबरोबर चालतात, सीमेन्सचा ८२८डी किंवा फानुकचा ०आय घेतला की त्यांचेच ड्राइव्ह आणि मोटर आले, म्हणजे तो पहिल्या माणसाचा सल्ला झाला. अॅनालॉग कमांड देणारेपण आहेत, फागोरचा ८०५५ त्यातला, हायडेनहाइनचा टीएनसी १२८ पण. आणि तिसरा रस्ता लिनक्ससीएनसीचा. हे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात ईएमसी नावानं सुरू झालेलं सॉफ्टवेअर, २०११ पासून लिनक्ससीएनसी म्हणतात, फुकट आहे आणि अशा कामासाठीच वाढलंय. त्याला मेसा कंपनीचं ७आय७७ कार्ड जोडलं की ६ अॅनालॉग आउटपुट, ६ एन्कोडर इनपुट, वर ३२ इनपुट आणि १६ आउटपुट मिळतात, तीन अॅक्सिस आणि स्पिंडलला पुरून उरतात. तुमच्या मशीनवर एन्कोडरऐवजी रिझॉल्व्हर (कोन अॅनालॉग सिग्नलनं सांगणारा सेन्सर) निघाला आणि तो थेट कंट्रोलरमध्ये जात असेल तर ७आय४९ बघा, ते रिझॉल्व्हर वाचतं.

माझं मत विचाराल तर, शिकायची तयारी असलेला एक माणूस शॉपमध्ये असेल तर लिनक्ससीएनसी, नसेल तर तयार अॅनालॉग कंट्रोलर घ्या. फुकट सॉफ्टवेअरला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ कोणाकडे तरी असावा लागतो.

घेताना दोन आकडे विचारा. पहिला, एन्कोडर किती वेगानं मोजतो. २५०० लाइनचा एन्कोडर म्हणजे चारपट मोजून फेऱ्याला १०,००० काउंट, १० मिमी पिचवर एक काउंट म्हणजे १ मायक्रॉन. २००० आरपीएमला हेच सेकंदाला ३ लाख ३३ हजार काउंट होतात. पीसीच्या प्रिंटर पोर्टवर हे मोजलं जाणं शक्य नाही, त्याला हार्डवेअर काउंटरच पाहिजे. दुसरा आकडा, अॅनालॉग आउटपुट किती बिटचं. १२ बिट असेल तर एक पायरी साधारण ५ मिलिव्होल्ट, आणि १० व्होल्टला मिनिटाला २० मीटर धरलं तर ती एक पायरी म्हणजे मिनिटाला जवळपास १० मिमी. बारीक फिनिशिंगच्या फीडला ही पायरी मोठी पडते, अॅक्सिस थांबलेला असताना पण पुढेमागे डुलत राहतो. १६ बिटला तीच पायरी मिनिटाला ०.६ मिमीवर येते. जमलं तर १६ बिटच घ्या.

प्रश्न : आमचा कंट्रोलर अजून मेला नाहीये पण मधेच हँग होतो. पुढच्या सुट्टीत बदलायचं ठरलंय. काढायच्या आधी काय काय जपून ठेवू?

उत्तर : हा प्रश्न वेळेवर विचारलात, बहुतेक लोक कंट्रोलर मेल्यावर विचारतात.

सगळ्यात आधी पॅरामीटर. आरएस-२३२ पोर्ट चालत असेल तर पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम, मॅक्रो सगळं पीसीवर घ्या. पोर्ट मेलेला असेल तर स्क्रीनचे एक एक पान करून फोटो काढा, कंटाळवाणं काम आहे पण करा. नवीन कंट्रोलरमध्ये हे आकडे जसेच्या तसे जाणार नाहीत, पण त्यांचा अर्थ जातो. बॅकलॅश (स्क्रूची ढिलाई) किती भरलाय, रॅपिड (न कापता पळायचा स्पीड) किती, अॅक्सेलरेशनची वेळ किती, सॉफ्ट लिमिट कुठं, रेफरन्स पॉइंटपासून टूल चेंजची जागा किती अंतरावर. आणि पिच एररचं, म्हणजे स्क्रूच्या जागोजागच्या चुकीचं, टेबल असेल तर ते सोन्यासारखं जपा, ते कोणीतरी लेझर लावून मोजलेलं असतं, तुम्हाला परत मोजायला तेवढीच खटपट करावी लागेल. मात्र त्यातले आकडे कुठल्या जागेपासून मोजलेत आणि आकड्यांची बेरीज होत जाते की प्रत्येक आकडा स्वतंत्र आहे हे मॅन्युअलमधून लिहून ठेवा, नाहीतर नवीन कंट्रोलरमध्ये चूक दुप्पट करून बसाल.

बॅटरी बदलायची असेल तर मशीन चालू असताना बदला. पॉवर बंद करून बॅटरी काढली की त्या काळच्या बऱ्याच कंट्रोलरची मेमरी पुसली जाते. हँग व्हायचं कारण बॅटरी नसेलही, पण पॅरामीटर घ्यायच्या आधीच ती संपली तर सगळंच जाईल.

मग वायरिंग. मशीनबरोबर आलेलं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग शोधा, आणि ते सापडलं तरी त्यावर विश्वास ठेवून थांबू नका, इतक्या वर्षांत कोणीतरी कुठंतरी जोड मारलेली असते. प्रत्येक कनेक्टरचा फोटो, प्रत्येक वायरचा नंबर. कंट्रोलर अजून चालतोय याचा फायदा घ्या, डायग्नोस्टिकच्या पानावर एक एक लिमिट स्विच, प्रेशर स्विच, दाराचा स्विच हातानं दाबा आणि कुठला बिट बदलतो ते लिहा. एका दिवसात पूर्ण इनपुटची यादी तयार होते. मेलेल्या कंट्रोलरवर हेच काम मल्टिमीटर घेऊन टर्मिनल टर्मिनल करावं लागतं.

आणखी एक, अॅक्सिस रॅपिडला पळत असताना ड्राइव्हच्या कमांड टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरनं मोजून ठेवा. १०० टक्के रॅपिडला ८.२ व्होल्ट आले समजा, तर नवीन कंट्रोलरचं स्केल बसवताना हा आकडा तुमचे कित्येक तास वाचवतो.

प्रश्न : आमच्याकडे फानुकचं मशीन आहे, ड्राइव्ह अल्फा सीरिजचे. ड्राइव्हवर कुठंच १० व्होल्टचा टर्मिनल सापडत नाही. लपलाय का?

उत्तर : लपलेला नाही, तो नाहीच. फानुकनं डिजिटल सर्वो आणल्यावर कामाची वाटणीच बदलली. स्पीडचा लूप आणि करंटचा लूपसुद्धा कंट्रोलरच्या सर्वो कार्डात गेला, आणि ड्राइव्हकडे जातात ते थेट ट्रान्झिस्टर चालू-बंद करायचे पीडब्ल्यूएम सिग्नल. तुम्ही ज्याला ड्राइव्ह म्हणताय ते खरं तर नुसतं पॉवरचं खोकं आहे, मेंदू सगळा कंट्रोलरमध्ये. नंतरच्या मॉडेलमध्ये हेच फायबर ऑप्टिकवरून जातं, त्याला एफएसएसबी म्हणतात. सीमेन्समध्येही तसंच, ६११ए अॅनालॉग पण ६११डी डिजिटल, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात म्हणून फसगत होते, प्लेटवरचं शेवटचं अक्षर वाचा.

त्यामुळे अशा मशीनवर ड्राइव्ह ठेवून दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर लावायचा हट्ट करू नका. प्रयोग म्हणून कोणी करतंही, पण ज्या मशीनवर रोजचा जॉब काढायचाय तिथं ते नको. तुमच्यासमोर खरे रस्ते दोन. त्याच सीरिजचा दुरुस्त केलेला कंट्रोलर किंवा कार्ड मिळवणं, किंवा ड्राइव्ह सकट बदलणं.

दुसऱ्या रस्त्यात मोटर वाचवता येतात का असा पुढचा प्रश्न येईल. मोटर स्वतः साधी थ्री फेज सिंक्रोनस मोटर आहे, ती कुठलाही योग्य व्होल्टेज-करंटचा ड्राइव्ह फिरवू शकतो. अडचण तिच्या मागच्या सिरियल पल्सकोडरची (फानुकच्या एन्कोडरची), तो फक्त स्वतःच्या कंट्रोलरशी बोलतो. तो काढून दुसरा एन्कोडर बसवायचा म्हटलं तर शाफ्टचं फिटिंग करावं लागतं आणि एन्कोडरचा रोटरच्या चुंबकांशी कोन जुळवावा लागतो. कोन चुकला तर मोटर ताकद लावत नाही, गरम होते, किंवा उलटीच पळते. मोठ्या मोटरसाठी हे कष्ट परवडतात, छोट्या मोटरसाठी नवीन मोटर-ड्राइव्ह सेट घेणं शहाणपणाचं.

प्रश्न : दादा, नवीन कंट्रोलर बसवला, ड्राइव्ह जुनेच अॅनालॉग. एनेबल दिल्या दिल्या एक्स अॅक्सिस पूर्ण स्पीडनं लिमिटवर जाऊन आदळतो. वाय ठीक आहे पण रॅपिडला फॉलोइंग एररचा (कमांडच्या मागे पडल्याचा) अलार्म देतो. टॅकोच्या वायर उलट्या करू का?

उत्तर : टॅकोला हात लावू नका! टॅको आणि ड्राइव्ह एकमेकांशी आधीपासून जुळलेले आहेत, जुन्या कंट्रोलरवर मशीन चालत होतं म्हणजे ती जोडी बरोबर आहे. टॅको उलटा केला तर ड्राइव्ह स्वतःच्या आतच पळत सुटेल, मग कंट्रोलरनं शून्य व्होल्ट दिले तरी थांबणार नाही.

तुमच्या एक्सचं दुखणं चिन्हाचं आहे. कंट्रोलर प्लस कमांड देतोय आणि एन्कोडर मायनस मोजतोय, त्यामुळे कंट्रोलरला वाटतं अॅक्सिस मागे पडतोय, तो अजून व्होल्ट वाढवतो, चूक अजून वाढते, शेवटी आदळतो. हे सोडवायचा क्रम ठरलेला आहे, आणि मोटर स्क्रूपासून सोडवूनच करा.

ड्राइव्ह बंद ठेवून मोटर हातानं फिरवा आणि स्क्रीनवरचा आकडा बघा. ज्या दिशेला फिरवल्यावर मशीनवर एक्स प्लस जाणार त्या दिशेला आकडा वाढला पाहिजे. टेबल हलणाऱ्या मशीनवर इथं हमखास गोंधळ होतो, प्लसची दिशा टूलच्या बाजूनं मोजायची असते, म्हणजे एक्स प्लसला टेबल डावीकडे जातं. आकडा उलटा जात असेल तर एन्कोडर स्केलचं चिन्ह बदला. पूर्ण एक फेरा फिरवून स्क्रूच्या पिचएवढे, समजा १० मिमी, दिसतायत का तेही आत्ताच बघून घ्या.

मग पोझिशनचा लूप उघडा ठेवून, म्हणजे पी गेन (चुकीच्या प्रमाणात कमांड वाढवणारा आकडा) शून्य करून, कंट्रोलरमधून अर्धा व्होल्ट प्लस द्या. आकडा वाढत गेला पाहिजे. कमी होत गेला तर आता फक्त आउटपुट स्केलचं चिन्ह बदला, एन्कोडरचं नाही, ते आपण जुळवून झालंय. त्यानंतर पी अगदी कमी ठेवून लूप बंद करा, फॉलोइंग एररची मर्यादा छोटी ठेवा म्हणजे गडबड झाली तर लगेच सुटेल, आणि एक हात इमर्जन्सी स्टॉपवर. मोटर हातानं थोडी ढकलली तर ती परत जागेवर आली पाहिजे. आली की मगच कपलिंग लावा.

आता तुमचा वाय. तिथं बिघाड असेलच असं नाही, गणित करून बघा. नुसत्या पी गेनवर चालणाऱ्या लूपमध्ये अॅक्सिस नेहमी कमांडच्या मागे राहतो, आणि किती मागे तर स्पीड भागिले गेन. मिनिटाला ६ मीटर म्हणजे सेकंदाला १०० मिमी, गेन ३० असेल तर ३.३ मिमी मागे. मिनिटाला २० मीटर रॅपिडला तोच अॅक्सिस ११ मिमी मागे राहील, आणि तुम्ही मर्यादा १ मिमी ठेवली असेल तर अलार्म येणारच. जुने कंट्रोलर असेच चालायचे, त्यांची मर्यादा पण तेवढी मोठी ठेवलेली असायची.

नवीन कंट्रोलरमध्ये फीडफॉरवर्ड (चूक व्हायची वाट न बघता स्पीडप्रमाणे आधीच कमांड देणं) असतं ते वापरा. आउटपुटचं स्केल मिमी प्रति सेकंदात बसवलेलं असेल तर लिनक्ससीएनसीमध्ये एफएफ१, म्हणजे या फीडफॉरवर्डचं प्रमाण, साधारण १ येतं. रॅपिडला मागे पडणं एकदम कमी होतं, मग पी हळूहळू वाढवत न्या, अॅक्सिस गुणगुणायला लागला की तिथून तिसऱ्या हिश्शानं मागे या. आय टर्म (साठत गेलेली चूक भरून काढणारी) शेवटी आणि अगदी थोडी. ड्राइव्हवरचे स्पीड-लूपचे पॉट मात्र उगाच फिरवू नका, फिरवायचेच असतील तर आधी मार्करनं मूळ जागा खुणेनं लिहा. आणि रॅपिडला कमांड साडेनऊ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, थोडी जागा शिल्लक पाहिजे, १० व्होल्टला टेकलं की कंट्रोलरच्या हातात सुधारायला काहीच राहत नाही.

एक्स आणि वायचा गेन मात्र सारखा ठेवा, जो अॅक्सिस कमजोर आहे त्याच्याप्रमाणे दुसरा खाली आणा. गेन वेगवेगळे असतील तर गोल काढताना ४५ अंशात तिरकी अंडाकृती येते, आणि उलट्या दिशेनं कापलं की ती दुसऱ्या बाजूला कलते. दोन्ही दिशेनं एक एक गोल काढून व्यास मोजले की लगेच कळतं.

प्रश्न : स्टेप-डायरेक्शन (किती पावलं आणि कुठल्या दिशेला ते पल्सनं सांगणारे सिग्नल) देणारं छोटं कंट्रोलर कार्ड आधीच माझ्याकडे आहे. पल्सचं १० व्होल्ट करणारं कन्व्हर्टर लावून जुने ड्राइव्ह चालतील का?

उत्तर : कन्व्हर्टर मिळतात, पण आत काय आहे ते बघा. नुसती पल्सची फ्रिक्वेन्सी व्होल्टमध्ये बदलणारं असेल तर नको, कारण मग पोझिशनचा लूप कुठंच बंद होत नाही, ऑफसेट जरा सरकला की अॅक्सिस सरकत जाईल आणि कार्डाला त्याचा पत्ताही लागणार नाही. एन्कोडर स्वतः वाचून लूप बंद करणारं असेल तर चालतं, फक्त त्याचा फॉल्ट कार्डापर्यंत आणून तिन्ही अॅक्सिस एकदम थांबतील असं जोडा. तरीही ट्यूनिंग एका खोक्यात आणि मशीनचं लॉजिक दुसऱ्यात असं होतं, काही बिघडलं की शोधायला दोन जागा. कार्ड आधीच आहे एवढ्या कारणासाठी मी तो रस्ता घेणार नाही.

प्रश्न : मी डिप्लोमाचा विद्यार्थी, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या मशीनचं रेट्रोफिट (जुन्या मशीनला नवीन कंट्रोलर बसवणं) आमचा प्रोजेक्ट आहे. इमर्जन्सी स्टॉप कंट्रोलरच्या इनपुटला दिला आणि सॉफ्टवेअरमध्ये एनेबल काढलं तर पुरेसं ना?

उत्तर : नाही, पुरेसं नाही. सॉफ्टवेअर हँग झालं त्याच क्षणी बटण दाबायची वेळ येते. बटणाचे दोन्ही कॉन्टॅक्ट सेफ्टी रिलेला, आणि सेफ्टी रिले ड्राइव्हचा मेन कॉन्टॅक्टर तोडेल असं वायरनं जोडा. कंट्रोलरला एक कॉन्टॅक्ट फक्त कळवण्यासाठी द्या, म्हणजे तो पण आपली कमांड शून्यावर आणेल.

मशीनच्या इलेक्ट्रिकल सुरक्षिततेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे तीन वर्ग आहेत, ०, १ आणि २, आणि इमर्जन्सी स्टॉपसाठी फक्त ० किंवा १ चालतो. ० म्हणजे पॉवर तत्काळ तोडणं. १ म्हणजे आधी ताबा ठेवून थांबवणं आणि मग पॉवर तोडणं. सर्वोला बहुतेकदा १ बरा पडतो, कारण एकदम पॉवर गेली की जड टेबल नुसतं घरंगळत जाऊन थांबतं, त्यापेक्षा ड्राइव्हनं ब्रेक मारून थांबवलं तर अंतर कमी लागतं. त्यासाठी वेळ लावून उघडणारे कॉन्टॅक्ट असलेला सेफ्टी रिले मिळतो, ती वेळ पण हार्डवेअरमध्येच असली पाहिजे.

झेड अॅक्सिसचं वेगळं सांगतो. स्पिंडल हेडचं वजन उभ्या स्क्रूवर लटकतंय, बॉलस्क्रूला स्वतःहून अडवायची ताकद नसते, पॉवर गेली की हेड खाली येतं. म्हणून मोटरमध्ये ब्रेक असतो जो व्होल्टेज दिल्यावर सुटतो. क्रम असा पाहिजे की आधी ड्राइव्ह एनेबल, मोटरनं वजन पेललं, मग ब्रेक सुटला. थांबताना उलटा क्रम, आधी ब्रेक लागला, मग एनेबल गेला. ब्रेक लागायला पण थोडा वेळ लागतो, तो धरा. पहिल्यांदा चालू करताना हेडखाली लाकडी ठोकळा ठेवा आणि हात बाहेर.

आणि पॅनेलमध्ये काम करताना ड्राइव्हचे कपॅसिटर विसरू नका. मेन बंद केल्यावरही डीसी बसवर व्होल्टेज राहतं, ड्राइव्हवर थांबायची वेळ लिहिलेली असते, तेवढं थांबा आणि नंतर मोजून ५० व्होल्टच्या खाली गेल्याची खात्री करूनच हात घाला. ग्रुपमधल्या सगळ्यांना हे सांगा, फक्त वायरिंग करणाऱ्याला नाही.

प्रश्न : अॅक्सिस मस्त चालायला लागले, पण टूल चेंजर काही केल्या जमत नाही. एवढा वेळ लागतोच का?

उत्तर : लागतो. रेट्रोफिटमध्ये अॅक्सिस फिरवणं हा सोपा भाग, खरा वेळ लॅडर, म्हणजे स्विच आणि आउटपुटचा क्रम सांभाळणारा प्रोग्रॅम, खातं. जुन्या कंट्रोलरचं लॅडर बहुतेकदा चिपमध्ये बंद, आणि त्यात मशीन बनवणाऱ्यानं कित्येक बारकावे टाकलेले असतात. आर्म फिरायच्या आधी स्पिंडल ओरिएंट झालाय का (ठरलेल्या कोनात थांबलाय का), टूल सुटल्याचा स्विच आला का, मॅगझिन जागेवर आहे का, हवेचं प्रेशर आहे का, प्रत्येक पायरीला किती सेकंदांत उत्तर नाही आलं तर थांबायचं. हा क्रम कागदावर लिहा, प्रत्येक पायरीसमोर कुठला आउटपुट द्यायचा आणि कुठल्या इनपुटची वाट बघायची ते लिहा, आणि प्रत्येक पायरी आधी एकटी हातानं चालवून बघा. लिनक्ससीएनसीत क्लासिकलॅडर आहे, इतर कंट्रोलरमध्येही लॅडर चालवणारा पीएलसी असतोच.

तुमच्या पत्रात स्पिंडलचा उल्लेख नाही, तिथं घोटाळा असू शकतो. ओरिएंट जुन्या मशीनवर कधी स्पिंडल ड्राइव्ह स्वतः करतो, त्याला फक्त एक इनपुट द्यायचा आणि झाल्याचा सिग्नल वाचायचा, तर कधी कंट्रोलर करायचा. पहिला प्रकार असेल तर नवीन कंट्रोलरमध्ये ओरिएंट लिहायच्या भानगडीत पडू नका, ड्राइव्हलाच करू द्या. रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेड जुळवून आटे पाडणं) हवं असेल तर स्पिंडलचा एन्कोडर नवीन कंट्रोलरला येतोय का तेही बघा.

सेन्सर पण तपासा, काही मशीनवर ते २४ व्होल्ट देतात आणि काहींवर शून्य व्होल्टकडे ओढतात. नवीन कार्डचे इनपुट त्याच जातीचे नसतील तर स्विच दाबला तरी काहीच दिसणार नाही आणि तुम्ही लॅडरमध्ये चूक शोधत बसाल.

प्रश्न : जुने प्रोग्रॅम नवीन कंट्रोलरवर तसेच चालतील का?

उत्तर : साधे जी०, जी१, जी२ चे (सरळ आणि गोल हालचालीच्या हुकमांचे) बहुतेक चालतील. थ्रेडिंगचा जी७६, लेथवरचे रफिंगचे सायकल, मॅक्रो आणि सबप्रोग्रॅम बोलावायची पद्धत प्रत्येक कंट्रोलरची वेगळी, ते हातानं बदलावे लागतील. हायडेनहाइनचे संवादी पद्धतीचे प्रोग्रॅम दुसरीकडे चालत नाहीत. आर्कमध्ये आय आणि जे (केंद्राचे आकडे) सुरुवातीच्या बिंदूपासून मोजलेत की प्रोग्रॅमच्या झिरोपासून ते बघा, यात फरक पडला तर गोल भलतीकडेच जातो. कॅम सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम काढत असाल तर पोस्ट प्रोसेसर (तो प्रोग्रॅम कंट्रोलरच्या भाषेत बदलणारा भाग) नवीन कंट्रोलरचा घ्या. जुना प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना झेड जॉबच्या बराच वर उचलून, फीड ओव्हरराइड कमी ठेवून, सिंगल ब्लॉकमध्ये पूर्ण एकदा हवेत चालवा, मगच टूल खाली आणा.